गादीनाना

आमच्या वाचनालयातली संभाजीराजांवरच्या 'छावा' कादंबरीची प्रत आजवर तीनदा बांधणीला गेली. पहिल्या दोन खेपेला वाचून वाचून खिळखिळी झाली म्हणून. तिसऱ्या खेपेला बाइंडरनेच विचारलं, "कडा कापून टाकू का? लई लिवलंय कुणीतरी." मी घाईघाईने नको म्हणालो. देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्याने पुस्तक खराब करणाऱ्याची बाजू घ्यावी हे नियमात बसत नाही, पण त्या समासात शिसपेन्सिलीने जी लढाई चालली आहे ती पुस्तकातल्या कुठल्याही लढाईपेक्षा कमी नाही. शिवाय ती अजून संपलेली नाही.

लढणारे गृहस्थ कुरवंड्याचे. लोणावळ्याहून आयएनएस शिवाजीच्या फाटकावरून पुढे गेलं की गाव लागतं, आणि गावात कुणालाही "गादीनाना कुठे राहतात?" म्हणून विचारलं की तो आधी हसतो आणि मग हात करतो. या नावाला दोन कारणं आहेत. पहिलं असं की नागफणीला येणाऱ्या शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना नाना घरातल्या तीन खोल्या देतात आणि खोलीत माणसं जास्त झाली की जादा गाद्या भाड्याने देतात. गादीचे दीडशे, उशीचे वेगळे. पावसाळ्यात कुरवंड्यात चार महिने ढग घरात येऊन बसतात, तेव्हा या गाद्यांचं जे काही होतं ते डांबराच्या गोळ्यांनाही झाकता येत नाही. दुसरं कारण, आणि नानांच्या मते खरं कारण, असं की महाराष्ट्रात गेल्या साडेतीनशे वर्षांत कोणती गादी कुणाला मिळायला हवी होती आणि कुणाला मिळाली, याचा निकाल नानांकडे तयार असतो.

दोन्ही कारणं कधीकधी एकमेकांच्या पायात येतात. जेवणं झाली, पिठलं-भाकरी आणि इंद्रायणीचा भात पोटात गेला, की नाना पाहुण्यांसमोर मांडी घालून बसतात आणि सरळ विचारतात, "आता मला सांगा. गादी कुणाची?"

"ती खिडकीजवळची माझी," कुणीतरी मुंबईचा पोरगा सांगतो. "मी मघाशीच बॅग ठेवलीय."

अशा पोरांवर नाना रागवत नाहीत. सिनेमा बघून आलेली असतात, त्यांना थोडं हळू घ्यावं लागतं. त्यांचा खरा शत्रू म्हणजे पुण्याचा वाचक. तो पेठेतून आलेला असतो, गाडीच्या डिकीत त्याची स्वतःची उशी असते, आणि नानांनी सोळाशे अठ्ठ्याहत्तर म्हणताच तो "जुनं पंचांग की नवं?" असं विचारतो.

मी एकदा अशा बैठकीला हजर होतो. वीज गेली होती, बाहेर पाऊस कोसळत होता, आणि मेणबत्तीच्या उजेडात विषय निघाला संभाजीराजे मोगलांच्या दिलेरखानाकडे गेले तो. डिसेंबर १६७८. मराठी वाचकाला या एका महिन्याबद्दल जेवढं मत असतं तेवढं स्वतःच्या लग्नाबद्दलही नसतं. नाना म्हणाले, पोराला घरात कुणी विचारीनासं झालं की पोरगं घर सोडतं, वर्षभराने परत येतं, आणि आलंच की. पुण्याचे पाहुणे म्हणाले, "ते ठीक आहे, पण समकालीन साधन काय?"

"म्हंजे?"

"म्हणजे त्या वेळचा कागद. पुरावा."

नानांनी मेणबत्ती जरा पुढे सरकवली. "तुम्ही तुमच्या वडलांचे, याला त्या वेळचा पुरावा काय? आईचं तोंडीच ना?"

यानंतर थोडा वेळ फक्त पावसाचा आवाज होता. पाहुण्यांच्या पत्नीने विषय बदलायचा म्हणून गाद्यांना वास का येतो असं विचारलं, आणि नानांच्या सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून सांगितलं, "तुमची मसलत संपली असंल तर ताटं आत येऊ द्या."

नानांचं वाचन तसं थोडकं, पण खोल आहे. 'छावा' किती वेळा वाचली ते त्यांनाही सांगता येत नाही. 'श्रीमान योगी', 'स्वामी', 'राऊ' आणि विश्वास पाटलांची 'संभाजी' झाली आहे. वा. सी. बेंद्र्यांचं १९६० सालचं चरित्र त्यांनी माझ्याकडून नेलं, दोन महिने ठेवलं आणि परत देताना म्हणाले, "हे खरं पुस्तक. पण यात कुणी बोलत न्हाई." कमल गोखल्यांचं 'शिवपुत्र संभाजी' मी मुद्दाम हातात दिलं. ते मात्र त्यांनी मनापासून वाचलं, कारण त्यात पुण्याच्या पाहुण्यांवर फेकायला दारूगोळा मिळाला. तळटीप हा शब्द तेव्हापासून नाना दगड या अर्थाने वापरतात.

गावाचा भूगोलही त्यांच्या बाजूने आहे. घरामागून निघणारी वाट कुरवंडे घाटाने खाली कोकणात उतरते. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखान आणि रायबागन फौजेसकट याच घाटाने खाली गेले आणि उंबरखिंडीत महाराजांच्या हाती अलगद सापडले. सामानसुमान टाकून, खंडणी भरून खानाला जीव वाचवावा लागला. पाहुण्यांना ही वाट दाखवताना नानांचा आवाज असा बदलतो की जणू खानाने जाताना त्यांच्याच पडवीत चहा घेतला होता. समोरच्या सुळक्याला कुणी 'ड्यूक्स नोज' म्हटलेलं मात्र त्यांना चालत नाही. नागफणी म्हणायचं, वर महादेवाचं देऊळ आहे. आणि त्या ड्यूकचं नाक कुणाला सांगता? पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झालेल्या याच आर्थर वेलस्लीने १८०३ साली दुसऱ्या बाजीरावाला पुण्याच्या गादीवर परत आणून बसवलं होतं. "आपल्या भाऊबंदकीत ज्यानं नाक खुपसलं, त्याच्याच नाकाखाली आम्ही जन्म काढायचा!" नानांचं हे वाक्य पाठ आहे, पण दर शनिवारी ते नव्याने सुचल्यासारखं म्हणतात. येता-जाता नौदलाच्या फाटकावरची पाटी दाखवून ते आणखी एक सांगतात: "हितं वडलांचं नाव लागलंय. वारसाची नोंद अजून बाकी हाय."

या 'वारसाची नोंद' प्रकरणाकडे मला यायचंच आहे. पण त्याआधी टेबलावरचं एक निरीक्षण सांगू द्या. इतकी वर्षं पुस्तकं देता-घेता मला फुकटात मिळालेलं तेवढं एकच ज्ञान आहे.

राजघराण्यातल्या वारसांवरची कादंबरी परत करताना वाचक काहीतरी बोलतोच. प्रवासवर्णन परत करताना बोलत नाही, पाकक्रियेचं पुस्तक तर गुपचूप ठेवून पळतो. पण गादीचं पुस्तक असलं की मत आलंच. आणि ते मत ऐकलं की मला त्या माणसाच्या घरात काय चाललंय ते कळतं. थोरला भाऊ असतो तो संभाजीराजांच्या बाजूचा. धाकटा असतो तो म्हणतो, "राजारामांवर कुणी एवढं मोठं का लिहीत नाही हो?" नानांचे धाकटे बंधू चिंचवडला कंपनीत आहेत, सणाला आले की नेमकी हीच तक्रार करतात. नव्याने लग्न झालेली मुलगी 'स्वामी' परत करते ती डोळे पुसत नाही, गोपिकाबाईंवर दात खाते. आणि बाहेर सासूबाई रिक्षात थांबलेल्या असतात. एका निवृत्त अधिकाऱ्यांनी मला अर्धा तास राघोबादादा कसे चुकीचे समजले गेले ते समजावलं. ध चा मा वगैरे नंतर, आधी पेशवाई चुलत्याला डावलून सोळा वर्षांच्या पुतण्याला गेली ती कुठल्या न्यायाने? मागून कळलं की यांची बढती त्यांना चार वर्षं कनिष्ठ असलेल्या माणसाला मिळाली होती. ज्याला घरात कुणी विचारत नाही त्याला नाना फडणीस फार आवडतात.

ही वाचकांचीच खोड आहे असंही नाही. संभाजीराजांना दीर्घकाळ व्यसनी आणि बेजबाबदार ठरवण्यात ज्या बखरीचा मोठा वाटा, ती मल्हार रामराव चिटणिसांची. त्यांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजीराजांनीच १६८१ साली कटाच्या संशयावरून देहदंड दिला होता. शंभरावर वर्षांनी त्यांच्या वंशजाने लेखणी उचलली आणि हिशोब मांडला. म्हणजे बखरकारही आमच्या टेबलासमोरच्या रांगेतलाच. फक्त त्याच्याकडे समासाऐवजी आख्खा कागद होता. मग १९६० मध्ये बेंद्रे आले आणि दोनच वर्षांनी कानेटकरांचं 'रायगडाला जेव्हा जाग येते' रंगभूमीवर आलं. त्याच्या प्रयोगांना बापलेक शेजारी बसत आणि मध्यंतरात एकमेकांकडे न बघता वडा खात, असं जुने लोक सांगतात. १९७९ ला 'छावा' आली तोवर महाराष्ट्रातला प्रत्येक थोरला मुलगा तिची वाट बघत होता.

आता नाना. नाना थोरले आहेत. त्यांचे वडील नऊ वर्षांपूर्वी गेले आणि गावची साडेतीन एकर जमीन सातबाऱ्यावर अजून वडिलांच्याच नावावर आहे. त्यातल्या एका तुकड्यावरून नागफणी सरळ समोर दिसते. दर महिन्याला कुणीतरी गाडी थांबवून "विकताय का?" विचारतं आणि नाना "बघू" म्हणतात. वडिलांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. महाराजांनीही केलं नव्हतं, हे नाना फार अभिमानाने सांगत. ३ एप्रिल १६८० ला महाराज गेले, २१ तारखेला दहा वर्षांच्या राजारामांना मंचकावर बसवलं, आणि सोयराबाईंचे सख्खे भाऊ हंबीरराव सख्ख्या भाच्याला सोडून संभाजीराजांच्या बाजूला उभे राहिले. "मामा असावा तर असा," नाना म्हणत. त्यांचे स्वतःचे मामा जमिनीच्या बैठकीला आले, दोन कप चहा प्यायले आणि "तुमचं तुम्ही बघा" म्हणून निघून गेले होते.

गेल्या वर्षी एका बंगलेवाल्याने चांगला आकडा सांगितला तेव्हा नानांना नोंद करणं भाग पडलं. मला सोबत घेऊन गेले. कागदपत्रं वाचायला कुणीतरी हवं, आणि मी ग्रंथालयातला म्हणजे कागदातला माणूस. तलाठ्याला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. हे भाऊसाहेब पानिपताहून परत आलेले नव्हते, पण कामाच्या ढिगाऱ्यामागे जवळजवळ बेपत्ताच होते. त्यांनी शांतपणे सांगितलं, की वारसांची नोंद गाव नमुना ६ क मध्ये होते. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि वंशावळ आणा. कोरा कागद पुढे केला. "वंशावळ इथेच काढा, नाना. सोपं आहे."

नानांनी कानावरची पेन्सिल काढली. हा माणूस मालोजींपासून सातारा आणि कोल्हापूर दोन्ही शाखा झोपेत सांगतो. ताराबाईंनी १७४९ मध्ये रामराजाला आपला नातू म्हणून पुढे आणला आणि पुढच्याच वर्षी तो नातू नव्हेच म्हणून साताऱ्याच्या किल्ल्यावर कोंडला, हे सांगताना त्याच्या डोळ्यांत चमक येते. कागदाच्या माथ्यावर त्याने वडिलांचं नाव लिहिलं. खाली एक रेघ ओढली. रेघेला डाव्या बाजूला स्वतःचं नाव जोडलं, उजव्या बाजूला चिंचवडच्या भावाचं, आणि पेन्सिल परत कानावर ठेवली.

"झालं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"झालं."

"मधले एक भाऊ होते ना तुमचे? वारले ते?"

नाना गप्प. मग पेन्सिल पुन्हा निघाली. मधल्या भावाचं नाव, त्याखाली त्याच्या दोन मुलींची. धाकटीचं नाव आठवेना. घरात सगळे तिला बाळी म्हणतात. घरी फोन लावून विचारावं लागलं.

"आई हयात आहेत?"

आईचं नाव लिहिलं.

"आणि बहिणी?"

"त्या दिल्या-घेतल्या घरी सुखी हाईत," नाना म्हणाले.

"सुखी असू द्या. नावं लिहा." भाऊसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. महाराष्ट्राने १९९४ सालीच कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा वाटा दिला आणि २००५ साली केंद्रानेही दिला, हे त्यांनी इतक्या कंटाळलेल्या आवाजात सांगितलं, की रोज कितीजणांना सांगावं लागतं त्याचा अंदाज आला. नानांनी दोन बहिणींची नावं लिहिली. दोन रेघांचं झाड आता सहा-सात फांद्यांचं झालं होतं, आणि जागा पुरली नाही म्हणून बहिणी कागदाच्या अगदी कडेला, समासात, बसल्या.

परत येताना नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, हक्कसोडपत्र करून घेऊ. वडगावला निबंधकाकडे दोघींना बोलवायचं, भाऊबीज तोंडावर आहे, साड्या जरा बऱ्या घ्यायच्या. मी म्हणालो, "नाना, येसूबाईंनी रायगडावरून राजारामांना जिंजीकडे जाऊ दिलं आणि मागे स्वतः कैदेत गेल्या, त्या पानावर तुम्ही काय लिहिलंय?" नाना म्हणाले, "त्यो इतिहास झाला."

वडगाव हे नाव ऐकून मला मात्र हसू आवरेना. वारसाच्या भांडणासाठी वडगावला जाणारे नाना काही पहिले नव्हेत. नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ ला खून झाला, पुढच्या एप्रिलमध्ये पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले, आणि चाळीस दिवसांच्या त्या बाळाच्या नावाने पेशवाईची वस्त्रं आली. मग काकांना गादी मिळवून द्यायला म्हणून इंग्रज राघोबादादांना घेऊन बोरघाट चढून आमच्या खंडाळ्याला आले. जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याला त्यांचा कॅप्टन स्टुअर्ट, आपल्या लोकांचा इष्टुर फाकडा, पडला. तळेगावपर्यंत जाऊन फौज मागे फिरली आणि महादजींनी तिला वडगावात अशी कोंडली की तह करावा लागला. एका घरातल्या वाटणीपायी मुंबईहून तोफा आल्या. त्याच रस्त्याने नानांच्या बहिणी एसटीने येणार होत्या.

थोरली आली. साडी घेतली, अंगठा दिला. धाकटी लोणावळ्यातच वळवणला दिलेली आहे, तिला पंधरा मिनिटांचा रस्ता. ती आली नाही. भाऊबीजेला आली, ओवाळलं, जेवली, आणि निघताना म्हणाली, "दादा, सहीचं बघू पुढं."

आता समासातल्या लढाईकडे येतो. 'छावा'च्या त्या प्रतीत नानांचं अक्षर ओळखू येतं, मोठं आणि कागदाला भोकं पाडणारं. पण दर चार-दोन पानांवर नानांच्या मताखाली बारीक, नीटस अक्षरात दुसरं कुणीतरी उत्तर दिलं आहे. नानांनी लिहिलंय, "सोयराबाईला लोभ सुटला." त्याखाली: "आईच ती." नाना: "दहा वर्षांचं पोर गादीवर बसवायचं?" त्याखाली: "चाळीस दिवसांचं चाललं ना पुण्याला?" एके ठिकाणी नानांनी मोठ्ठ्या अक्षरात "थोरल्याचा हक्क" लिहून दोनदा अधोरेखित केलंय. खाली फक्त: "का?"

नाना या उत्तरांवर खूष आहेत. पुण्याच्या पाहुण्यांनंतर पहिल्यांदाच कुणीतरी तोडीचं भेटलंय. दर पंधरा दिवसांनी पुस्तक पुन्हा नेतात, नवं उत्तर आलं का बघतात, आणि प्रत्युत्तर लिहून परत आणतात. मला विचारतात, "कोण आहे रे हा? मास्तर दिसतोय. एकदा कुरवंड्याला घेऊन ये, जेवायला घालतो, गादीचे पैसे घेणार न्हाई."

माझ्यासमोर देवघेवीचं रजिस्टर असतं. नानांनी पुस्तक परत केलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते कोण नेतं, हे त्यात तारखेनिशी आहे. पत्ता वळवणचा आहे. नानांनी ते अक्षर ओळखलेलं नाही, कारण त्यांनी ते कधी बघितलेलं नाही; त्यांना तिची सही तेवढी हवी आहे.

मी सांगितलेलं नाही. तुम्हीही कधी नागफणीला आलात आणि नानांकडे उतरलात, तर सांगू नका. जुलै-ऑगस्टमध्ये येणार असाल तर चादर घरून आणा.